अकोला खोडा, वाशीम लिहा

सरकारनं एका सकाळी तुमचा जिल्हा बदलला, तर आदल्या संध्याकाळपर्यंत तुम्ही ज्या जिल्ह्यात राहत होतात, तो कुठे जातो?

मला या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. तो कुठे जात नाही, तो संपतो. राजपत्रात आलं की संपला. एकविसाव्या वर्षी मी हे उत्तर पत्रकावर छापलं, मंगरूळपीर तालुक्यात वाटलं, आणि लोकांनी ते मानलं. लोक पत्रकं वाचतात आणि त्यात भजी बांधतात, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आले होते. लोकांनी पत्रक खरोखरच मानलं तर काय होतं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाबांचा मंगरूळपीरला छोटा छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या पेट्या, शाईचा वास. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर घर चालायचं, पण बाबांचा जीव पत्रकांत होता. वाशीम वेगळा जिल्हा व्हावा म्हणून माझ्या जन्माच्या आधी जी पत्रकं निघाली, त्यातली बरीच आमच्या मशीनवरची. उरलेले गठ्ठे घरात होते. डब्यांखाली फळीवर पत्रकं, वह्यांना कव्हर पत्रकांचं, आणि पत्रकाची मागची कोरी बाजू म्हणजे माझी गणिताची वही. इतर पोरं ‘कमळ’ वाचायला शिकली. मी पहिल्यांदा अख्खा वाचलेला शब्द होता ‘निषेध’. आमच्या घरात भांडणसुद्धा मुद्देसूद व्हायचं. आई म्हणायची, “पयला मुद्दा, तू ताट उचललं नाई. दुसरा मुद्दा, चूक कोणाची हाये ते मी इचारूनच नाई राह्यली.”

मी कॉलेजात गेले तेव्हा वाशीम जिल्हा माझ्यापेक्षा वयानं मोठा होता. जिल्हाधिकारी होते, जिल्हा परिषद होती, गाड्यांना वेगळा नंबर होता. तरी बाजारातल्या अर्ध्या पाट्यांवर ‘जि. अकोला’ तसंच. लग्नपत्रिकांवरही, कारण लोक थोरल्याची जुनी पत्रिका देऊन म्हणायचे, ‘नाव बदला, बाकी असंच ठेवा.’ एकदा स्टँडवर एक आजोबा मला म्हणाले, “जिल्ह्याले जाऊन येतो व माय, अकोल्याची गाडी लागली का पाय.”

मी म्हटलं, “आजोबा, आपला जिल्हा वाशीम आहे.”

“वाशीमले माही बहीण रायते,” आजोबा म्हणाले. “जिल्हा अकोल्याले रायते.”

आजूबाजूचे हसले. मी हसले नाही. ज्यासाठी माणसांनी उपास केले, रस्ते अडवले, माझ्या बापानं पाय दुखेपर्यंत मशीन हाणलं, ते मिळालं तरी यांच्या तोंडून अकोला जात नाही, याचा मला संताप आला. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मथळा होता : ‘अकोला खोडा, वाशीम लिहा.’ खाली चार परिच्छेद, आणि शेवटी ठळक अक्षरांत : ‘जिथे जिथे जि. अकोला दिसेल, तिथे तिथे एक रेघ मारा. पाटीवर, पत्रिकेवर, कागदावर!’

बाबांनी छापखाना तोवर बंद केला होता. पत्रक मी कॉम्प्युटरच्या दुकानातून काढणार होते, पण आधी त्यांना वाचायला दिलं. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “थे ‘कागदावर’ काढून टाक.”

“काहून?”

“पाटी दुकानदाराची असते. कागद त्याच्या बापाचा असते.”

मला वाटलं, बाबा थकले. शिवाय तीन शब्दांचा जो ठेका होता तो दोन शब्दांत बसत नव्हता. पाटीवर, पत्रिकेवर, कागदावर. मी वाक्य तसंच ठेवलं. आज सरळ सांगते : माझ्याकडे त्या शब्दासाठी दुसरं कारण नव्हतं. ठेका हे एकच कारण.

पत्रक चाललं. बाजारातल्या एका जैन कापड दुकानदारानं चार दिवसांत पेंटर बोलावला. मी अभिनंदन करायला गेले तर गादीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, “ताई, पेंटरनं अकोला पुसलं अन् जेवायला गेला तो आलाच नाही. पंधरा दिवस झाले, माझं दुकान कोणत्याच जिल्ह्यात नाही. टॅक्स कुठे भरू, ते छापा आता.” मी हसले. मला यश चढलं होतं.

मग मी शहराबाहेरच्या एका वस्तीवर गेले. दहा-बारा घरं, बहुतेक घरांना दिवाळीनंतर कुलूप. माणसं ऊसतोडीला नाही तर वीटभट्टीवर जातात आणि उन्हाळा चढला की परततात. त्या वस्तीची एक रीत आहे. तिथल्या एका माणसाचं अक्षर सुरेख आहे. त्याला मी दादा म्हणते. सातवीपर्यंत शिकलेला. वस्तीतला कोणताही फॉर्म, कोणताही अर्ज दादाच भरतो. कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन त्याच्या ओट्यावर बसलं की दादा हात धुतो, पुसतो, पट्टी आणि पेन काढतो. कागदाला ओला हात लावलेला त्याला खपत नाही. मोबदला एक कप चहा, तोही साखर असली तर.

मी ओट्यावर पत्रक मोठ्यानं वाचलं. दादानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “सारेच कागद काय ताई?”

“सगळेच, दादा. एकही सोडू नका.”

हे मी बोलले. छापलेलं सोडा, हे माझ्या तोंडचं वाक्य आहे.

पुढे दीड वर्षात मी ते पत्रक विसरलेही. दुसरी पत्रकं आली : रस्त्याचं, पाण्याचं, बंद होणाऱ्या शाळांचं. मग दादाची मुलगी बारावी झाली. त्या वस्तीतली बारावी झालेली ती पहिली मुलगी. तिला नर्सिंगला जायचं होतं. गुण पुरेसे होते, राखीव जागेत नंबर लागत होता. फक्त जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यासाठी सरकारनं ठरवलेल्या तारखेच्या आधीचा घराण्यातला पुरावा. तो त्यांच्याकडे होता. तिच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. आजोबा तिसरीपर्यंत शिकले होते, आणि त्या तीन वर्षांवर नातीची नर्सिंगची जागा उभी होती.

दादाची बायको मला बोलवायला आली. “तू बोलतेस चांगली. साहेबापुढं आमचं तोंड नाई उघडत. चाल व सोबत.”

आम्ही चौघं वाशीमला गेलो. दादानं पिशवी छातीशी धरली होती. मी पिशवीत डोकावलेही नाही. कागद दादाकडे आहेत म्हणजे ते नीट असणार, याची मला खात्री होती.

पडताळणी कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनानं दाखला उघडला. पिवळा पडलेला, चार घड्यांचा, मागून चिकटपट्टी लावलेला. त्यानं तो उजेडाकडे धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली, “अहो, हे पाहा जरा.”

मीही वाकून पाहिलं. जुन्या काळ्या शाईच्या वळणदार अक्षरात ‘जिल्हा’ लिहिलं होतं. पुढे ‘अकोला’वर निळ्या बॉलपेनची सरळ रेघ होती. वर सुरेख अक्षरात : वाशीम.

मला ती रेघ कोणाची ते कळलं होतं आणि ती कोणामुळे तेही.

“हे कोणी केलं?” कारकून म्हणाला.

“म्या केलं साहेब,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात संकोच नव्हता, थोडा अभिमानच होता. “दुरुस्त केलं.”

“काय दुरुस्त केलं?”

“अकोला होतं. चुकीचं होतं थे.”

“हा दाखला दिला तेव्हा वाशीम जिल्हा होता का?”

“नाई ना.”

“मग तेव्हाच्या हेडमास्तरनं वाशीम कसं लिहिलं?”

“त्यानं कुठी लिहलं? म्या लिहलं.”

“अहो, तेच तर मी म्हणून राह्यलो!” कारकुनानं कपाळावर हात मारला. “खाडाखोड आहे ही. हा कागद बाद.”

दादाला ते कळेना. खोटं खोडून खरं लिहिलं तर कागद बाद कसा? त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. मी आता पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा करून साहेबाला गप्प करीन, असा भरवसा होता. मग तोच खिडकीत वाकून म्हणाला, “ताईनं सांगतलं होतं साहेब. छापून आलं होतं.”

मुलगी जमिनीकडे पाहत होती. मी तरीही वाद घातला. आठवलं की आजही मान खाली जाते. मी म्हटलं, “आता या भागात अकोला जिल्हा अस्तित्वातच नाही, मग नाव बदललं तर बिघडलं काय?”

कारकून चिडला नाही. दाखल्याच्या कोपऱ्याला बोट लावून म्हणाला, “मॅडम, तुमच्यासाठी संपला असंन. या कागदात नाही संपला. या कागदात यांचे वडील अजून अकोला जिल्ह्यातच तिसरीत बसले आहेत. तुम्ही त्यांना उठवून वाशीमला नेलं. त्या वेळी वाशीम नावाचा जिल्हाच नव्हता.”

परतीच्या जीपमध्ये मी दादाला विचारलं, “किती कागद दुरुस्त केले?”

“माह्ये तर सारेच. खरेदीखत, जन्माचे दाखले, बायकोच्या माहेरचे बी. मंग बाकीच्याईचे.”

“बाकीचे म्हणजे?”

“सात घरं असतीन. तुमी म्हटलं ना, एक बी सोडू नका.” मग मला धीर द्यायला तो म्हणाला, “पण सफाईनं केलं ताई. पट्टी धरून रेघ मारली. घाण नाई केली कुठी.”

पट्टी धरून. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. सोयाबीनची रानं मागे जात होती. गडबडीत मारलेली रेघ असती तर ‘चुकून लागली’ म्हणता आलं असतं. इतकी सरळ रेघ चुकून लागत नाही.

घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते ‘सांगतलं होतं’ म्हणतील. ते उठले, माळ्यावरचा गठ्ठा काढला आणि एक पत्रक माझ्यापुढे ठेवलं. जिल्हा मागणीच्या काळातलं, त्यांच्याच मशीनवरचं. त्याच्या मागे माझी तिसरी-चौथीतली बेरीज-वजाबाकी होती. बाबा म्हणाले, “पाठीमागचं पाठ हाये तुले. आता पुढून वाच.”

मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की इंग्रजांच्या काळात वाशीम हा जिल्हाच होता. सरकारनं तो मोडला आणि अकोल्यात घातला. पण मोडल्यानं तो मेला नाही. आमच्या आजोबा-पणजोबांच्या कागदांत तो आहे, जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे, म्हणून आम्ही नवीन काही मागत नाही, आमचंच परत मागतो.

मी ते दोनदा वाचलं. ज्या जिल्ह्यासाठी मी दुसऱ्या जिल्ह्याला मेलेला ठरवलं, त्या जिल्ह्याची सगळी मागणीच या एका गोष्टीवर उभी होती की सरकारनं पुसलेला जिल्हा पुसला जात नाही. माझा नियम तेव्हा कोणी लावला असता, सगळ्या जुन्या कागदांवर पट्टी धरून रेघा मारल्या असत्या, तर दाखवायला काही उरलंच नसतं. ज्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली, ती मी कधी वाचलीच नव्हती. त्यांचा आवाज तेवढा उचलला होता.

“आमी एक जिल्हा जित्ता हाये म्हणून भांडलो,” बाबा म्हणाले. “तू एक मेला म्हणून भांडलीस. दोन्ही पत्रकं मीच तपासली बाप्पा. चाय घे.”

मी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दादा आणि मुलीला घेऊन तिच्या आजोबांच्या शाळेत गेले. दाखला बाद झाला तरी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर असतं, त्यात प्रत्येक पोराची नोंद असते. ते रजिस्टर तरी शाबूत असावं, एवढीच आशा होती. मुख्याध्यापक बाईंनी माझं नाव ऐकलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. तावदानाच्या फटीत घडी घालून खोचलेलं माझं पत्रक होतं.

“वाऱ्यानं खडखड करत होती खिडकी,” त्या म्हणाल्या. “बरोबर बसलं.”

“तुम्ही रजिस्टरवर काही...”

“सरकारी रजिस्टरले तुमच्या पत्रकावरून पेन लावू? वेडी झाली काय मी?”

त्यांनी कपाटातून कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. पुठ्ठ्यावर ‘जि. अकोला’ होतं, पुसट पण अख्खं. आत आजोबांचं नाव, जात, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. मुलीनं त्या ओळीवर बोट टेकवलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, “बाबा, आबाचा वर्ग पाहा. खरंच तिसरी.” मुख्याध्यापक बाईंनी सही-शिक्क्यानिशी उतारा दिला.

पण इथे गोष्ट गोड होत नाही. उतारा जोडला आणि अर्ज घेतला गेला, मात्र खाडाखोड केलेला दाखला आधी दाखवून झाला होता. कागदात फेरफार झालेला दिसला म्हणून प्रकरण चौकशीला गेलं. माणसं वस्तीवर येऊन विचारून गेली, दादाचा जबाब झाला. त्यानं जबाबही स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहून दिला. तोवर नर्सिंगच्या प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या. तिची जागा दुसऱ्या कोणाला गेली. आता ती मंगरूळपीरला बी.ए.च्या पहिल्या वर्षात बसते आणि पुढच्या फॉर्मची वाट पाहते. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, “पुढच्या वर्षी परत भरतो ताई. तुमी या सोबत. फक्त पेन आणू नका.”

तिनं हे हसून म्हटलं. तिची आई हसली नाही.

दादानं लिहिणं सोडलं आहे. वस्तीतले लोक आता फॉर्म भरायला शहरात जातात आणि तिथे रांगेत उभे राहतात. मी त्याला म्हटलं, चूक माझी होती, तुम्ही का सोडता? तो म्हणाला, “माह्या अक्षराचा मलेच भरवसा नाई राह्यला.”

उरलेल्या सात घरांपैकी सहांना त्याच शाळेतून उतारे मिळाले. सातवं घर एका म्हाताऱ्या बाईचं आहे. तिचा नवरा दुसऱ्या एका लहान शाळेत शिकला होता. ती शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली. तिचं रजिस्टर कुठे आहे, ते मी महिनाभर शोधलं. वाशीमला सांगतात, ते जुन्या जिल्ह्याबरोबर अकोल्यातच राहिलं असेल. अकोल्याला सांगतात, जिल्हा वेगळा झाला तेव्हा तुमचं तुमच्याकडे दिलं. त्या घराचा एकमेव पुरावा म्हणजे नवऱ्याचा दाखला होता, आणि त्यावर पट्टी धरून मारलेली निळी रेघ आहे. तिचा नातू आत्ता नववीत आहे. तीन वर्षं आहेत हातात.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. मंगरूळपीर तालुक्यातल्या, आता बंद पडलेल्या एखाद्या शाळेत तुमचे वडील, आजोबा, चुलते शिकले असतील, तर घरात शोधा. जुना हजेरीपट, गुणपत्रक, वर्गाच्या फोटोमागे लिहिलेली नावं, शिक्षकानं घरी नेलेलं एखादं रजिस्टर, काहीही. सापडलं तर पुसू नका, सुधारू नका, लॅमिनेट करू नका. जसं असेल तसं जवळच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना दाखवा, आणि त्यात कोणाकोणाची नावं आहेत ते आसपासच्या वस्त्यांवर जाऊन सांगा. या महिन्यात करा.